पुढे लावलेली स्टेपनी

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिला आहे. त्याच्यावर फार विसंबू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस, हसतोस, ‘ताई, तू आधी पाणी पी’ म्हणतोस, आणि शेवटी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते. हे तुला दात आले तेव्हापासून चाललं आहे. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या गाडीचा गिअरबॉक्स माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर उघडा पडला आहे. तो मी उघडू नये म्हणून तू किती धडपडलास! ‘शहरात कंपनीच्या वर्कशॉपला देऊ, तू कशाला त्रास घेतेस.’ तुला माझ्या त्रासाची काळजी वाटली, तिथेच मला शंका यायला हवी होती. आतलं तेल काळं झालं होतं. करपल्याचा वास होता, साबणाने तीनदा हात धुतले तरी न जाणारा. प्लेटा कोळशासारख्या. हे काम करता करता माझे केस पांढरे झाले. पेडलवरच्या चुकलेल्या पायाने असं होत नाही, हे मला कळतं. असं तेल थंड न झाल्याने होतं.

तुला शास्त्र सांगत बसत नाही. तू शेजारच्या गावात गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान चालवतोस. तुला गाडी बाहेरून कळते. सीटकव्हर, दिवे, कॅरियर, पायऱ्या. आतलं मी सांगते, तेवढं ऐक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापतं. ते पाइपातून पुढे येतं, समोरच्या जाळीमागे एक लहानसा कूलर असतो त्यातून फिरतं, चालत्या गाडीचा वारा खातं आणि थंड होऊन परत जातं. घाटात, भरल्या गाडीला, या वाऱ्यावरच सगळं असतं. त्या जाळीपुढे तू स्टेपनी उभी केलीस. आणि तुझ्या लोखंडी ब्रॅकेटला जागा हवी म्हणून कूलर सोडवून बंपरच्या कोपऱ्यात कोंबलास. तिथे वारा सोड, माशी शिरत नाही. दोन तारांनी बांधला होतास. गाठही ढिली होती.

तू हे वाईट बुद्धीने केलं नाहीस, ते मला माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो. कंपनीने स्टेपनी मागे, सामानाच्या फळीखाली दिली होती. त्या पावसात चाक पंक्चर झालं तेव्हा बाबांना आईची व्हीलचेअर बाहेर काढावी लागली, तिची पिशवी, उशा, पाण्याचा कॅन, सगळं रस्त्याच्या कडेला मांडावं लागलं. मग फळी उचलायची, मग टायर. आई आत बसून काचेतून ओली व्हीलचेअर बघत होती. हे ऐकून तू दुसऱ्याच दिवशी आलास. ‘थांबा, मी सोय करतो.’ तुझा तो आवाज मला ऐकू येतो अजून. लहानपणी माझी सायकल दुरुस्त करायला असाच यायचास आणि दोन स्क्रू शिल्लक राहायचे. सोय केलीस. मागे व्हीलचेअर उभी राहायला लागली. समोर टायर लावून गाडी एखाद्या जंगलातल्या मोहिमेवर निघाल्यासारखी दिसायला लागली. बाबा गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, ‘समोर एवढं झाकून चालेल का रे?’ तू म्हणालास, ‘बाबा, ही तुमची बस नाही.’ सगळे हसले. मी तिथे असते तर हसले नसते. पण मला बोलवायचं तुला सुचलं नाही. गिअरबॉक्स उघडणारी बहीण घरात असताना तू गाडीचं तोंड बांधलंस आणि तिला विचारलं नाहीस. टायर मला नंतर दिसला, पण त्यामागचा कूलर तू हलवलास हे बाहेरून दिसत नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. वळणावर उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडू नये, अशी. घरी कधी त्याचा तोरा नव्हता. एकच गोष्ट सांगायचे, की प्रवासी कधी रस्त्यात सोडले नाहीत. गुडघा गेला तेव्हा क्लच नको म्हणून ही गाडी घेतली. आणि आई आजारातून उठली तेव्हापासून दर गुरुवारी ते तिला घाटावरच्या गावात, कोमट पाण्याच्या तलावात व्यायामाला नेत होते. पाण्यात ती कठड्याला हात न लावता चालायला लागली होती. ‘पाण्यात मी पस्तिशीची असते’ म्हणायची. जमिनीवर घरात दार ते खिडकी, काठी न घेता. तू हे पाहिलं आहेस. टाळ्या वाजवल्या होत्यास.

त्या गुरुवारी ऊन किती होतं ते तुला सांगायला नको. शेवटच्या चढाला इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मग मागे यायला लागली. बाबांनी ब्रेक दाबून धरला. मागे गाड्यांची रांग, भोंगे, आणि आत आई, जिला एकटीला दार उघडून उतरताही येत नाही. हँडब्रेक ओढला, तरी कुणीतरी उतरून चाकामागे दगड लावेपर्यंत त्यांनी पाय काढला नाही. तो पाय दुसऱ्या दिवशी सुजला होता. तू टोइंगची गाडी घेऊन आलास. उतरलास. समोरचा टायर पाहिलास. जाळीत हात घालून पाहिलास, हे आईने मला सांगितलं, तिला त्याचा अर्थ कळला नाही. मग तू वळलास आणि त्या टोइंगवाल्यासमोर, बघ्यांसमोर बाबांना म्हणालास, ‘डावा पाय ब्रेकवर ठेवून चढवलीत ना? बसच्या क्लचची सवय.’

बाबा म्हणाले, ‘असेल.’

किल्ली तू खिशात टाकलीस. मग फोन सुरू झाले. आत्याला, मामाला, शेजाऱ्यांना. बाबांनी गिअरबॉक्स जाळला. वय झालं. देवाच्या कृपेने वाचले. आत्याने मला फोन करून रडून घेतलं आणि वर म्हणाली, ‘धाकटा होता म्हणून निभावलं हो.’ मी तेव्हा गप्प बसले, कारण गिअरबॉक्स उघडायचा होता. उघडला. तेल पाहिलं, ती दोन तारांची गाठ पाहिली, आणि तुला फोन केला. मला वाटलं, तू हादरशील. तू दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग म्हणालास, ‘घरातलं घरात राहू दे ना, ताई. आज ना उद्या थांबायचंच होतं त्यांना. आयतं निमित्त झालं.’

निमित्त! शब्द बघ तुझा. बाबा आता रस्ता ओलांडताना सगळी वाहनं जाईपर्यंत उभे राहतात, अगदी सायकलसुद्धा. जेवताना टेबलाखाली त्यांचा पाय वर होतो, खाली येतो, पुन्हा वर. आधी मला वाटलं, कळ येत असेल. मग कळलं, ते पायाची परीक्षा घेत आहेत. जड झालाय का, पाहत आहेत. मी पाहते आहे हे लक्षात आलं की थांबतात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. आईचं तर बंदच झालं. भाड्याची गाडी एकदा आणली. त्या ड्रायव्हरने तिला पोत्यासारखं उचललं, वर व्हीलचेअर नेण्यावरून कटकट केली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘नको, बरी आहे मी.’ तिचा डावा पाय पुन्हा फरशीवर घासायला लागला आहे. खोलीतून तो आवाज येतो. बाबा पेपर वाचत असतात आणि पान उलटायचं थांबतात.

हे सगळं मी तुला सांगितलं. ओरडले नाही. म्हटलं, मी सांगणार नाही, तूच सांग, तुझ्या तोंडून जाऊ दे. तू शब्द दिलास. रविवारी आलास. कसला छान आलास! आईला नवी शाल, बाबांना दाढीचं मशीन. दुकानातल्या गमती सांगितल्यास. तो गिऱ्हाईक, ज्याला भोंग्यात कोंबडा आरवायला हवा होता. बाबा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. मी दोनदा चहा ठेवायला आले आणि दोनदा तुझ्याकडे पाहिलं. तू बिस्किट बुडवत होतास. निघताना बाबांनीच विषय काढला. ‘तुझं बरोबर होतं, वेळेत थांबवलंस.’ आणि तू? त्यांच्या खांद्यावर हात ठेवलास. दारात मला म्हणालास, ‘पुढच्या वेळी, ताई. आज मूड चांगला होता त्यांचा.’ मूड वाईट असता तर म्हणाला असतास, आज नको, आधीच खचलेत. तुला सांगायला योग्य दिवस हा पंचांगातच नाही.

तरीही मी थांबले असते. खरंच. तू आमचं शेंडेफळ. तुझ्या चुका वाटून घ्यायची या घराला सवय आहे. तुझं दुकान नवं, हप्त्यांचं टेन्शन, हे सगळं मी स्वतःला समजावलं. आणखी एक रविवार दिला असता. पण आज दुपारी जे झालं त्यानंतर नाही.

बाबा हल्ली दुपारी माझा डबा घेऊन वर्कशॉपला येतात आणि संध्याकाळपर्यंत बसतात. नट-बोल्ट मापाप्रमाणे वेगळे करतात. आज एक गाडी टो होऊन आली. नवरा-बायको, दोन मुलं. तुझ्या गावचे. या दोन्ही गावांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारी मी एकटीच, ते दुसरीकडे जाणार कुठे? त्यांच्या गाडीच्या तोंडाला टायर होता. तुझं ब्रॅकेट मी रंगावरून ओळखलं. मागच्याच आठवड्यात बसवून घेतलं, म्हणाले. मागच्या आठवड्यात, धाकट्या. माझ्या फोननंतर. त्या रविवारनंतर. घाटात गाडी मागे आली, मागे ट्रक होता, ट्रकवाला शहाणा म्हणून मुलं वाचली. धाकटी अजून आईच्या कडेवरून उतरत नव्हती. मी तेल काढलं. तोच रंग, तोच वास. नवरा म्हणाला, ‘पण दुकानदाराने खात्री दिली होती हो. म्हणाला, माझ्या स्वतःच्या वडिलांच्या गाडीला लावलंय, दर आठवड्याला घाट चढते, काही होत नाही.’

बाबांच्या हातातला नट डब्यात पडला. ते उठले, आले, वाकून तेलाचा वास घेतला. मला विचारलं, ‘आपल्या गाडीचंही असंच होतं?’ मी म्हटलं, हो. ‘आणि पाय?’ मी म्हटलं, तुमच्या पायाने गाडी धरून ठेवली होती, बाबा. जाळली नाही. ते सरळ उभे राहिले. त्या माणसाकडे वळून म्हणाले, ‘तो दुकानदार माझा मुलगा.’ माणूस बिचारा कुठे बघावं ते न कळून मुलीची चप्पल नीट करायला लागला. बाबांनी माझ्याकडून पाना मागून घेतला आणि त्या गाडीच्या तोंडावरचा टायर स्वतः उतरवला. मी मदतीला गेले तर मला हाताने बाजूला केलं. मग हात धुतले आणि विचारलं, ‘अशा आणखी किती जणांना लावल्या असतील त्याने?’ मला माहीत नव्हतं. ते तुलाच माहीत. नटांचा डबा बंद केला आणि मग म्हणाले, ‘त्याला लिही. गाडी मी चालवीन. पाना त्याने धरायचा. एकेकाच्या दारात जाऊ.’

म्हणून हे पत्र. मी त्यात माझंही पुष्कळ घातलं, पण निरोप तेवढाच आहे. सुटे भाग आले आहेत. गिअरबॉक्स उद्या बसेल, कूलर जिथल्या तिथे, स्टेपनी फळीखाली. पंक्चर झालं तर सामान काढू रस्त्यावर, काय बिघडतं? किल्लीसाठी तुझी वाट पाहिली नाही, दुसरी करून घेतली. गुरुवारी बाबा आईला पाण्यात नेतील. शुक्रवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तुझ्या दारात गाडी उभी असेल. तो कोंबड्यावाला किस्सा सांगू नकोस. मागे बसू नकोस, त्यांच्या शेजारी बस. घाटात ते एक शब्द बोलणार नाहीत. तू बोल.

तुझीच, अजून तरी,
ताई