माझ्या मुठीत बसणारे रिव्हॉल्व्हर

मी, खाली सही करणारी, बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना करते. डोक्याबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. माझे धाकटे दीर शंका काढतील, म्हणून आधीच.

१. राहते घर मुलाला. जिन्याचा कठडा हलतो. मी सांगून थकले. आता मालक म्हणून त्याने तो बसवून घ्यावा.

२. दुकान, लेथ, कानशी, सगळी हत्यारे आमच्या कारागिराला. माझ्याशी रोज भांडतो, पण काम चोख.

३. माझे परवान्याचे लहान रिव्हॉल्व्हर लेकीला. ती गुरांची डॉक्टर. नवऱ्याला सोडल्यापासून एकटी राहते. परवाना तिच्या नावावर होईपर्यंत ते पोलीस ठाण्यात जमा ठेवावे.

ते दिरांना द्यावे असे घरात बोलले गेले, म्हणून कारण लिहिते. यजमान हयात होते तेव्हा, एकदा भरदुपारी एक माणूस चाकू घेऊन दुकानात शिरला. गल्ल्यावर यजमान होते, शेजारी दीर. दिरांनी आपले भलेमोठे, चकचकीत पिस्तूल उपसले, चाप ओढला. बार उडालाच नाही. सेफ्टीचा खटका काढायचा राहिला होता. दीर तो खटका चाचपडत असताना चाकू यजमानांच्या गळ्याशी पोचला.

मी मागच्या खोलीतून आले. माझे रिव्हॉल्व्हर माझ्या मुठीत बसते, चाप माझ्या बोटाला पेलतो, आणि सराव मी कधी चुकवला नव्हता. ते मी त्याच्यावर रोखले.

"चाकू टाक. दार तुझ्या मागेच आहे."

त्याने नळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बाई, गोळी झाडू नका," म्हणाला, आणि चाकू टाकून पळाला.

"वहिनी, घालायची होती ना गोळी!" दीर ओरडले.

"कशाला? तो निघालाच होता की."

तेव्हा लेकी, आकारावर जाऊ नकोस. जे हातात मावते, दर वेळी चालते आणि बार उडाल्याचा धक्का बसूनही ज्याचा नेम टिकतो, तेच कामाचे. गोळी भिंत भेदून जाते. पलीकडे कोण आहे ते आधी बघ. दाराला भक्कम कडी लाव, पोलिसांना फोन कर. रिव्हॉल्व्हर सगळ्यात शेवटी.

परवा नेमबाजीच्या मैदानावर लेकीने पहिल्याच गोळीला डोळे मिटले. "आई, मला नाही जमायचं." "जमेल. डोळे उघडे ठेव." संध्याकाळी परतताना गाडी ती चालवत होती आणि शीळ घालत होती.

४. दिरांना यजमानांचा लोकरी कोट. पिस्तूल त्यांचे त्यांना आहेच. ते साफ करत जावे.

५. लेकीच्या माजी नवऱ्याला काहीही नाही. कोर्टाचा मनाई हुकूम असतानाही तो तिच्या दाराला लाथा घालून गेला. या कागदाची एक प्रत, तिसऱ्या कलमाखाली रेघ मारून, वकिलांनी त्याला पोचवावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये, आजच पोचवावी.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही : दुकानाची मालकीण
साक्षीदार : डॉक्टरीणबाई, शेजारचे कुलूपवाले
ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : चौदा मार्च