मीटरवरचा लाल दिवा

४ मार्च

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. गुडघ्यांचं रडगाणं नेहमीचंच. तुझ्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? तिला म्हणावं, आता नवऱ्याकडे फार निरखून बघू नकोस, पस्तावशील.

काल सौर पॅनेलवाला येऊन गेला. टेप लावून गच्चीची मापं घेतली आणि तिची इतकी तारीफ केली की आता हा ती मागून नेतो की काय असं वाटलं. चार पॅनेल आणि एक बॅटरी, सात वर्षांत खर्च वसूल, असं म्हणाला. जाता जाता खिडकीच्या फटीशी हात नेऊन म्हणाला, थंडीत तुमच्या घरातली सगळी ऊब या फटींतून रस्त्यावर जाते, त्याही बुजवून घ्या.

मला एकोणसत्तर पूर्ण झाली. सात वर्षांची भाषा मी कोणत्या तोंडाने करू? म्हणून युनिटराव, तुम्हालाच विचारते. चौतीस वर्षं मीटर तपासलेस, आता बहिणीच्या कामी ये. तीन वर्षांची बिलं सोबत आहेत. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, कागद हरवत नाही.

बाकी हवं ते कमीजास्त कर, बॅटरी मात्र हवीच. वीज गेली तरी घरातलं काही थांबता कामा नये.

तुम्हा दोघांची आठवण रोज निघते. तुम्हीही काढत जा.

तुझी
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हिचा डोळा उत्तम आहे. पहिल्याच दिवशी तिला कपाटावरची धूळ दिसली आणि माझी झोप गेली.

फटी आधी बुजव. त्यात शंका नको, कमी खर्चात जास्त फायदा. पॅनेलचं मात्र अडलं आहे. भाऊजींचं ऑक्सिजनचं मशीन घरात आलं त्या महिन्यात तुझे युनिट एकदम वाढले, ते बरोबरच आहे. पण भाऊजी ऑक्टोबरात गेले. नोव्हेंबरपासून आकडा खाली यायला हवा होता, तो तसूभरही हललेला नाही. एकट्या बाईला इतकी वीज लागत नाही. एक तर मीटर पळतोय, नाहीतर वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे. घरातलं सगळं बंद कर आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा बघ. तरीही मिचकावत असेल तर मला लगेच कळव.

आणखी एक, जे मला लिहायला जड जातंय. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी हेच विचारलं होतं. बॅटरीसकट खर्च वसूल व्हायला नऊ वर्षं लागतील, तुमच्या वयाला परवडायचं नाही, असं मी कळवलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेलच. ते मनात धरून तू विचारत असशील, तर सरळ तसं म्हण. मी ऐकून घेईन.

रागावली असलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा
बापू


२ एप्रिल

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

मीटर चांगला आहे. तुझ्या खात्याची अब्रू शाबूत आहे. ह्यांचं मशीन चालू आहे.

त्या दुपारी वीज गेली तेव्हा छोटा सिलिंडर लावला. तो अर्धा तास पुरला. अँब्युलन्स आली, आम्ही तसेच निघालो, मशीनचं बटण बंद करायचं कुणाला सुचणार? तिसऱ्या दिवशी मी एकटी परत आले. कुलूप काढलं तर आतून घरघर ऐकू आली. मागाहून कधीतरी वीज आली होती आणि ते आपलं आपण सुरू झालं होतं. नळी उशीवर पडलेली, टोकाशी कान नेला तर हवा येत होती. मी चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले. तेव्हापासून ते बंद केलेलं नाही. कुणाला सांगू नकोस, लोक मला वेड्यात काढतील.

तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बापूचं गणित चोख आहे, मी कुठला नऊ वर्षं टिकतोय, म्हणून हसले. मीही हसले. तरीही त्यांना बॅटरी घ्यायची होती. गच्चीवर सळया ठोकतील, माझ्या कपड्यांच्या दोऱ्या जातील, म्हणून मीच नको म्हटलं. तुझं पत्र मला आयतंच सापडलं. तेव्हा तू स्वतःला बोल लावू नकोस, तिथे मी आधीच बसले आहे.

आता सांग, किती पॅनेल लागतील?

जिवाला जप.

ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिला दाखवलं नाही.

मशीनसाठी चार पॅनेल आणि बॅटरी. तुझ्या एकटीसाठी दोनसुद्धा जास्त, बॅटरी तर नकोच. म्हणजे आधी मशीनचं ठरायला हवं, आणि ते ठरवणारा मी कोण? फक्त एवढंच विचारतो, त्याची जाळी दर आठवड्याला धुतेस ना? धूळ बसली तर मोटर तापते, आग लागू शकते. असं मशीन मिळावं म्हणून खोळंबलेल्यांची यादी हॉस्पिटलात असते, हेही सांगून ठेवतो.

भाऊजींनी विचारलं आणि मी वर्षं मोजली. अर्ध्या तासाचा सिलिंडर संपल्यावर काय, हे मी विचारलंच नाही. हे तू कितीही आपल्या अंगावर घेतलंस, तरी माझा वाटा माझ्याकडे राहू दे.

हाक मारलीस तर दुसऱ्या दिवशी दारात असेन.

तुझा
बापू


९ मे

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

जाळी कधीच धुतली नव्हती. उघडली तर धुळीची गादी निघाली. इतके दिवस घर जळलं नाही हेच नशीब. धुऊन, वाळवून बसवली, आणि हॉस्पिटलात फोन केला.

पलीकडच्या गल्लीतला शिंपी आला, बायकोसाठी. मशीन उचलताना म्हणाला, आमच्याकडे वीज फार जाते, बाई, हे थांबलं तर काय करायचं? दुसऱ्या दिवशी पॅनेलवाल्याला बोलावलं आणि सांगितलं की पॅनेल नकोत, बॅटरी तेवढी हवी, ती शिंप्याकडे बसव. किती वर्षांत वसूल होईल ते मला सांगू लागला, तेव्हा त्याला चहा देऊन गप्प केलं.

त्याच्याच माणसाने खिडक्यांच्या फटीही बुजवल्या. काम चोख, पडदा हलत नाही. पण आता रस्त्यावरचा आवाजही येत नाही. मशीन गेलं त्या संध्याकाळी मी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं समजून सेल बदलला. ते चालूच होतं. मीटरवरचा तुझा लाल दिवा आता कितीतरी वेळाने मिचकावतो. मी खुर्ची टाकून वाट बघत बसते.

ह्यांच्या खोलीतल्या खिडकीला मात्र मी हात लावू दिला नाही. वाऱ्याने ती जराशी घरघरते. तिथून जेवढी ऊब जाईल तेवढी जाऊ दे. ती तुझ्या गणितात धरू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी
ताई