आबांची पायताणं

मंगळवार, संध्याकाळ

पोट पुन्हा जळतंय. डॉक्टर म्हणाले, "पोट चांगलं हाय की. माणूस घाबरला की मेंदू पोटाला कळवतो, मग ॲसिड वाढतं." चाळिशीत बापाला भितो, हे त्यांना कसं सांगू? जिन्यात आबांची पायताणं करकरली की घास घशातच थांबतो. लहानपणी त्याच पायताणांचा मार खाल्लाय. दुकान आबांचं, घर आबांचं. जाऊ कुठं?

आज ते बूट घालून कागलला लग्नाला गेले. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या, जळजळ नाही. मग दूध आणायला जाताना त्यांचीच पायताणं पायात घातली. परत जिना चढताना ती करकरली. आत जेवत बसलेल्या माझ्या चिमीनं हातातला घास ताटात ठेवला होता. "मीच हाय गं," म्हणालो.

तरी पोरीनं घास उचलला नाही.