तिसऱ्या ओळीत तुटलेला ढावलो

तांडा, ता. आर्णी
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षास,

खण्‌, खण्‌, खण्‌. सकाळपासून हाच आवाज कानात आहे. पस्तीस वर्षांपूर्वीचा. मी तांड्याच्या शाळेत शेवटच्या तासाला कविता घ्यायचो आणि तुझी आई, तुझी याडी, खिडकीखालून घागर घेऊन जायची. कोपरापर्यंतच्या तिच्या बांगड्या घागरीवर वाजायच्या. पोरं नकळत त्या ठेक्यावर कविता म्हणू लागायची. मी छडी आपटून चाल सुधारायचो. खरं तर तिचाच ठेका बरोबर होता, पण मास्तर कबूल कसा करणार?

असो. आशीर्वाद. सात वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, दचकू नकोस. मी जिवंत आहे. गुडघे दुखतात. कापूस फुटला आहे, वेचायला माणूस मिळत नाही. लिहायचं कारण एवढंच की तुझा तो कॉम्प्युटर बंद पडला आहे आणि मी संतापलो आहे.

हो, तुझाच. बारावीत असताना दोन दिवस जेवली नाहीस म्हणून आणला आणि जाताना टाकून गेलीस. बापाला टाकून जाणाऱ्या पोरीला यंत्राचं काय!

बटण दाबलं की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पडदा मात्र काळाच. मग आतून शिटी येते. एक लांब, दोन आखूड. गुरू, लघू, लघू. भगण! चौदा वर्षं माझ्या घरची वीज खाऊन त्या ठोकळ्याला एवढा एकच गण पाठ झाला आहे.

मी सगळं करून पाहिलं. विजेचा बोर्ड बदलला. वायरी काढून पुन्हा खोचल्या. तुझ्या वर्गातल्या आसिमला फोन केला. त्याचं आता आर्णीत दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "सारे वायर काढून टाका, गुरुजी. बटन अर्धा मिनिट दाबून धरा. मंग फकस्त पडदा अन् कीबोर्ड लावा." तसं केलं. पुन्हा भगण.

शनिवारी तो स्वतःच गाडी काढून आला. पेचकस घेऊन डब्याचे स्क्रू काढायला खाली बसला.

"आतली मेमरीची पट्टी रबरानं घासतो जी. नाही झालं तं डिस्क काढून माह्या मशीनले लावतो. जे असंन ते निघून येईन."

"हात लावू नको."

"काहून? ढक्कन तं खोलू द्या."

"नाही म्हटलं ना!"

"आमच्या साऱ्याइच्या वह्या उघडून पाह्यल्या तुमी. आता आमी तुमचा डबा पाह्यला तं काय झालं?" आणि हसला मेला. "काय ठेवलं हाये येवढं यात?"

"काही नाही."

"काही नाही, तं मले फोन कायले केला?"

मी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. या घरात सातवीपर्यंत अभ्यासाला येऊन तुझ्या ताटात जेवणारं पोरगं ते. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "तुमी जेवूनबी नाही राह्यले, असं दिसते. वर्षाले फोन करतो मी." मी ओरडलो, "कर! मेलेल्या नात्याले फोन लाव!" शेजारची मानीबाई दारात येऊन उभी राहिली, तिच्यावरही ओरडलो.

तू म्हणशील, डबा उघडू दिला असता तर काय बिघडलं असतं? बापाला प्रश्न विचारायचे नाहीत.

(चहा ठेवला होता, तो उतू गेला. पुन्हा बसलो.)

बरं, ऐक. आपल्या बंजाऱ्यांत लेक सासरी निघताना याडीच्या गळ्यात पडून ढावलो, निरोपाचं गाणं, म्हणते, म्हणता म्हणता रडते. तू यवतमाळच्या कोर्टात सही करून गेलीस, जातीबाहेर. तुझा ढावलो राहून गेला. मला राग लग्नाचा होता. तुझ्या याडीला दुःख फक्त ढावल्याचं होतं. तीन वर्षांपूर्वी ती वारली, त्याच्या पंधरा दिवस आधी मला म्हणाली, "त्या डब्यात आवाज भरता येतो ना? पोरीचा राहिला, तो मी म्हणून ठेवते. तू तिला पोचव." मी बटण दाबलं. धाप लागत होती, तरी अकरा मिनिटं म्हटला तिने. मध्ये दोनदा तुझं नाव घेतलं.

तिच्या दिवसकार्याला तू आलीस, तांड्याच्या लिंबाखाली माझ्यासमोर उभी राहिलीस आणि विचारलंस, "बापू, याडीनं माह्यासाठी काही ठेवलं का?"

मी "नाही" म्हणालो.

तीन वर्षं दर रविवारी एकटाच ऐकत बसलो. तुला द्यायचा तर तुला माफ केल्यासारखं झालं असतं. आता त्या अकरा मिनिटांत चार शब्द काय आहेत तेही मला धड सांगता येत नाहीत. कविता शिकवण्यात जन्म गेला, हजारो ओळी तोंडपाठ, आणि हे पाठ केलं नाही. डब्यात आहे, जातंय कुठं, असं वाटलं.

आणि आता डबा का उघडू देत नाही ते. दिवाळीला धबुकार करतो ना आपण? पितरांच्या नावाने निखाऱ्यावर लापसी-तूप सोडायचं, भोवती पाणी फिरवायचं. दरवर्षी चुलीशी करायचो. यंदा मनात आलं, भिंतीवरच्या फोटोला कुठं जीव आहे? तिचा आवाज तर इथे आहे. निखाऱ्याचं घमेलं त्या डब्यापुढे ठेवलं, ढावलो लावला, तिच्या नावाने तूप सोडलं. भडका उडाला. पंखा सगळा धूर आत ओढू लागला. मी घाबरलो आणि फिरवायचं तांब्याभर पाणी डब्यावर ओतलं. तिसऱ्या ओळीत तिचा आवाज तुटला.

आत काजळी असेल, तूप असेल. आसिमने झाकण काढलं असतं तर हसला नसता. त्याला सगळं कळलं असतं. ते कळू नये एवढ्यासाठी तिचा आवाज दिवाळीपासून त्या ओल्या डब्यात कुजत ठेवला. मी तुझ्यावर ओरडत होतो ना, वर्षा? आता कुणावर ओरडू ते कळत नाही.

थांब. दारावर कोणीतरी आहे.

खिडकीतून पाहिलं. तुझा सासरा आहे, वामनराव. लग्नानंतर महिन्याभरात समेट करायला लुगडं-नारळ घेऊन आले होते, आणि अख्ख्या तांड्यासमोर मी त्यांच्या तोंडावर हेच दार लावलं होतं. आज एकटेच आहेत. वणीहून पहाटेच्या एसटीने आले असणार. हातात पेचकस आणि फडकं.

"व्याही, पोरीनं नाही धाडलं मले," दाराबाहेरूनच सांगताहेत. "तिले मालूमबी नाही. आसिमचा फोन मी उचलला. खाणीत तीस वर्षं मशिना खोलल्या मी. खोलू द्या एकडाव."

दार उघडलं की "आत काय आहे?" असं ते विचारतील. तुला लिहिलं ते आता तोंडाने सांगायचं आहे, आणि तेही या माणसाला.

कडी काढायला उठतो.

तुझ्याशी खोटं बोललेला,
बापू