मशीन झालेल्या वहिनीस

सौ. वहिनीस,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? दादाचा खोकला कसा आहे हे विचारत नाही, तो फोनवर मला त्याच्या आधी ऐकू येतो. इकडे सगळं ठीक. मी रोज सकाळी फिरायला जाते (दादा हसला असेल, हसू दे).

पत्रास कारण की, परवा आपल्या बँकेतून फोन आला. एक तरुण अधिकारी मुलगी होती, बोलायला गोड. मधल्या काळात कॉम्प्युटरची मशीनं बदलली, इमारत बदलली, पण आपण लिहिलेले व्याजाचे प्रोग्रॅम अजून चालतायत म्हणे, आणि नव्या मुलांना ते वाचता येत नाहीत. काही महिने येऊन शिकवाल का, असं विचारत होती. सोमवारपर्यंत उत्तर हवंय. मी लगेच दादाला फोन लावला, तर तो म्हणतो, तू ऐकताक्षणीच हात झटकलेस. म्हणालीस, डोक्याला गंज चढलाय, सगळं विसरले, आता नको. वहिनी, तू फोडणीत मोहरी घातली की नाही हे विसरशील, पण ती खोली विसरणं शक्य नाही. तरी तू म्हणतेसच, तर मी आठवण करून देते.

आपण दोघी बचत खात्याच्या काउंटरवर शेजारी शेजारी बसायचो. वरच्या साहेबांनी कसलीशी कोडी घालून परीक्षा घेतली आणि आपल्याला उचलून मागच्या इमारतीत नेलं. मला वाटलं, आता मशीनसमोर बसायला मिळणार. मिळालं काय, तर टाइपिंग विभागाची रिकामी केलेली खोली, डुगडुगणारी टेबलं आणि चौकटी आखलेल्या कागदांचे गठ्ठे. मशीन काचेपलीकडे गारेगार हवेत, श्रीमंत घरातल्या आजाऱ्यासारखं, आणि आपण किरकिरणाऱ्या पंख्याखाली घामाघूम. एका चौकटीत एक अक्षर असा प्रोग्रॅम लिहायचा, मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरकाकांच्या खिडकीत द्यायचा आणि उत्तराची दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघायची. खिडकीशेजारच्या आपल्या कप्प्यात पातळ कागद असला तर देव पावला. चुकलं असलं तर मशीन पोटातलं सगळं ओकून टाकायचं आणि आकड्यांचा तो जाड गठ्ठा कप्प्यात मावायचा नाही. अजूनही टपालात जाड पाकीट आलं की मी ते उघडायचं उद्यावर ढकलते.

दिवसाला एकच फेरी मिळायची, म्हणून आपल्याला शिकवणाऱ्या सावकाश सरांनी नियम घातला होता. (त्यांचं खरं नाव काय होतं गं? उठता बसता 'सावकाश' म्हणायचे म्हणून आपण ठेवलेलं नावच उरलं.) खिडकीत देण्याआधी जोडीतल्या एकीनं प्रोग्रॅम मोठ्यानं वाचायचा आणि दुसरीनं मशीन व्हायचं. मशीन झालेलीनं सांगितलं तेवढंच करायचं. समजून घ्यायचं नाही, सावरून घ्यायचं नाही, 'तुला असं म्हणायचंय का' असं विचारायचं नाही. बाकीच्या जोड्या आळीपाळीनं मशीन व्हायच्या. मी एकदाच झाले आणि सरांनी मला त्या पदावरून काढलं, कारण मी प्रत्येक ओळीवर मत देत होते. तेव्हापासून मशीन कायम तू. पेन्सिल घेऊन ताठ बसायचीस, आकडा लिहायचीस, खोडायचीस, नवा लिहायचीस, आणि चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

दादा तुला पहिल्यांदा भेटला तो अशाच वेळी. मी जेवणाचा डबा घरी विसरले होते, तो घेऊन हा आला, तेव्हा मी कागद आणायला मागच्या खोलीत गेले होते, आणि यानं दारातून तुला विचारलं, माझी बहीण इथे आहे का. तू म्हणालीस, आहे. बस्स. मान खाली, पेन्सिल चालू. बिचारा डबा धरून उभाच. कुठे आहे, असं त्यानं विचारलं नव्हतं ना! घरी येऊन आईला म्हणाला, तिथे एक मुलगी बसते, तिचं डोकं जरा फिरलंय. दुसऱ्या दिवशी मी न विसरलेला डबा घेऊन आला. पुढचं तुला ठाऊक आहे, आणि त्यात माझा काही दोष नाही.

मग ती शिकवणीच्या शेवटची परीक्षा. नापास होणारी जोडी परत काउंटरवर जाणार होती, आणि मी तर निघताना सगळ्या काउंटरला ऐकवून आले होते की आता पुन्हा तुमच्यात येणे नाही. व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला, ऐटीत वाचायला घेतला. शेवटचं खातं झालं की थांबायचं, त्याऐवजी मी लिहिलं होतं 'वर जा', आणि वर म्हणजे कुठे, तर पुन्हा त्याच खात्याच्या छपाईला. तू ते खातं लिहिलंस, वर गेलीस, परत तेच लिहिलंस. मी चहा घेऊन आले, तुझं तेच. बाकीचे जेवून आले, तुझं तेच. मी म्हटलं, अगं बाई, बस कर, चूक कुठे आहे ते सांग. तू म्हणालीस, मशीन बोलत नाही. माझा पारा चढला. मला वाटलं, ही मुद्दाम छळतेय, आणि तसाच कागद नेऊन खिडकीत दिला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरकाका स्वतः ट्रॉली ढकलत आले. ट्रॉलीभर कागद, आणि प्रत्येक पानावर एकाच खातेदाराचं तेच व्याज. माझी पाचावर धारण बसली. सरांनी वरचं पान पाहिलं, मधलं ओढून पाहिलं, शेवटचं पाहिलं आणि म्हणाले, 'सावकाश.' मग शेवटची एक संधी दिली. त्या दुपारी मी एकेक ओळ वाचली, मत न देता. शेवटचं खातं झालं आणि तू पेन्सिल खाली ठेवलीस. त्या क्षणी मला तुझा गालगुच्चा घ्यावासा वाटला होता, पण मशीनचा घेत नाहीत. सकाळी कप्प्यात एकच पातळ कागद होता. मी रडले आणि तू हसलीस. तसा आनंद मला पुढे बढतीच्या दिवशीही झाला नाही.

हे सगळं तुला आठवतंय, वाचताना तू दोन ठिकाणी माझी चूकही काढली असशील. मग गंज कुठे चढलाय? गुडघ्याला असेल, तर शिकवायला गुडघा लागत नाही. दादाला वरण-भात लावता येतो, मी स्वतः शिकवलाय. तू मुकाट्यानं हो म्हण. सोबतीला मी आहेच.

दादाला नमस्कार, तुला भरपूर प्रेम.

तुझीच,
आधी मैत्रीण आणि मग नणंद (हा क्रम विसरू नकोस)

ता. क. : दादाला पत्र खुशाल वाचून दाखव. इथून पुढचं दाखवू नकोस.

आणखी ता. क. : त्या मुलीनं फोन मला केला, पण शोधत होती ती तुला. तुझं माहेरचं नाव घेऊन विचारलं. ऑपरेटरकाकांनी तिला तुझंच नाव सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे तुझा नंबर नव्हता, माझा होता, म्हणून मला फोन. 'त्यांच्या तोंडून शिकायचंय,' म्हणाली. मी ऐकत होते आणि मला तुझा अभिमानही वाटत होता आणि राग पण येत होता. वहिनी, निवृत्त झाल्यापासून मला घर खायला उठतं. फिरायला जाते म्हणून सांगते ना, ती बँकेच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. आत जायला काही काम नसतं.

शेवटचा ता. क. : म्हणून मी तिला सांगून टाकलं की आम्ही दोघी येऊ. ती फार नम्रपणे म्हणाली, 'हो, चालेल की. पण दुसऱ्या बाई कोण?' मी म्हटलं, ते तुम्हाला वहिनी सांगतील. तेव्हा सोमवारी तिला फोन करशील, तेव्हा मी कोण म्हणून सांगायचं ते तू ठरव.