विमानाचा गेम कोण खेळतंय

१३ जानेवारी

तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. तिथेच सगळं बदललं.

विमानं अजून पडद्यावर उडत होती. माझं लाल, तिचं निळं. निळं जागच्या जागी थांबलं आणि फुटलं. मी ओरडलो, "अगं, काय करतेस!" — गेमसाठी ओरडलो! ती पर्स उचलत होती आणि मला फक्त विमान दिसत होतं.

भांडण कॉलेजवरून. दुसरं काय असणार! ती म्हणाली, "निदान परत नाव घालायला काय करावं लागतं ते तरी बघ." मी म्हटलं, "तू कोण, प्राचार्य?" ती गप्प बसली असती. पण मला गप्प बसवेल तर ना! पुढे बोलून गेलो, "तुझे बाबा तरी कुठे शिकलेत? मशीनच मारतात ना जन्मभर?"

काकांबद्दल, तिच्या बाबांबद्दल बोललो हे. मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे तुटून पडले होते. आई, मामा, शेजारपाजार. फक्त काका म्हणाले होते, "अजून मापं चालली असतील त्याची. लगेच कात्री कशाला?" शिंपी आहेत ते. माझा निळा शर्ट त्यांनीच शिवलाय.

"मी तुझ्याबरोबर खेळतेय की तुझ्याविरुद्ध, तेच कळेना मला." एवढंच म्हणाली. गेली.

१५ जानेवारी

फोन लागत नाही. ब्लॉक केलंय. बरं! करू दे!

१९ जानेवारी

नाही लागत अजून.

२३ जानेवारी

ठरवलंय. रोज खेळायचं, आणि खेळलं की इथे खरं मत लिहायचं. नाहीतरी कोणाशी बोलणार? माझा दोस्त बोका असता तर त्याला पिडलं असतं. तो ट्रेनिंगला गेलाय, महिना-दीड महिना येत नाही. तिच्याच इमारतीत राहतो. नेमका आत्ताच जायचा होता!

आज दीपगृहाचा गेम. सगळे म्हणतात ग्रेट. दोन माणसांनी मिळून बनवलाय म्हणे. आपण दिव्याचा झोत फिरवायचा, जहाजांना वाट दाखवायची. चित्रं सुंदर, नाकारत नाही. समुद्राचा रंग दर मिनिटाला बदलतो. पण झोत वळवायला गेलं की साबणावर पाय पडल्यासारखा सरकतो! जहाज बुडालं की संथ पियानो. तू बुडवलंस, आता वाईट वाटून घे. का? चूक तुमच्या कंट्रोलची, आणि रडायचं मी?

शेवटी दीपगृहवाल्याची बायको परत येत नाही. खाली लोकांनी लिहिलंय, "ढसाढसा रडलो." मी नाही रडलो. बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. एवढंच.

२७ जानेवारी

मामाच्या फोटोफ्रेमच्या दुकानात काच फुटली. मोठी होती, लग्नाच्या फोटोची. मामा म्हणाला, "काच कापायला येताना डोकं घरी ठेवून येतोस काय रे?" मी म्हटलं, "असतं तर ठेवलं असतं." गिऱ्हाईक हसलं. मामा नाही हसला.

फ्रेम करताना लोकांचे चेहरे दिवसभर बघावे लागतात. सगळे जोडीने.

३१ जानेवारी

बागेचा गेम. बेडूक टपाल आणून देतो, आपण झाडांना पाणी घालायचं. झाड मरत नाही. पाणी नाही घातलं तरी मरत नाही! नुसतं मान खाली घालतं, घातलं की परत वर. बेडूक म्हणतो, "काही घाई नाही." चार दिवस दिले या गेमला. ज्यात हरता येत नाही तो कसला खेळ? ते नुसतं डोळे मिटून घेणं झालं. कोणाला पाहिजे असलं खोटं? आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हा छान आहे रे. हाच खेळत जा." कपाळ!

झाड मान वर करतं तेव्हा मात्र जे वाजतं ते चांगलं आहे. तेवढ्यासाठी तीनदा घातलं पाणी.

८ फेब्रुवारी

चढायचा गेम. एकच डोंगर, एकच माणूस, एकच उडी. हात सुटला की थेट पायथ्याशी. कुठे सेव्ह नाही, काही नाही. हा मला आवडला. हरामखोर आहे, पण तोंडावर हरामखोर आहे. आपली चूक आपल्याला स्पष्ट दिसते.

सतरा वेळा पडलो. अठराव्यांदा कंट्रोलर फेकला, तो फुलदाणीला लागला. आईने फुलदाणी उचलून सरळ ठेवली. तेच जास्त लागलं.

१२ फेब्रुवारी

कोणीतरी विमानाचा गेम खेळतंय!

हे नीट लिहून ठेवतो. अकाउंट एकच आहे, आम्हा दोघांचं. सगळे गेम त्यावर. गेमचा एक डबा माझ्याकडे, एक जुना तिच्या घरी. एका वेळी एकालाच खेळता येतं. इथे सुरू केलं की तिकडचं बंद. पूर्वी ती मला मुद्दाम हाकलायची. संध्याकाळी मी खेळत असलो की पडदा काळा. म्हणजे समजायचं, बाईसाहेब घरी पोहोचल्या, फोन कर.

आज उघडून बघतो तर गुणांच्या तक्त्यात नवीन ओळ. आपला विमानाचा गेम! याच्यासारखा प्रामाणिक गेम झाला नाही. जुन्या पद्धतीचा, खालून वर जायचं, गोळ्या चुकवायच्या, तीन जीव. मेलो तर आपली चूक, वाचलो तर आपला हात. वर सगळीकडे मी आणि ती. आणि सगळ्यात खाली हा भोपळा! पहिल्याच टप्प्यात तिन्ही जीव गेलेले. नावाची तीन अक्षरं असतात, तीही बदलली नाहीत. जशी यंत्राने दिली तशी, ए ए ए.

ती इतकं वाईट खेळूच शकत नाही. मीच शिकवलंय.

म्हणजे कोणीतरी नवशिका. तिच्या घरी. तिच्या शेजारी बसून.

१३ फेब्रुवारी

आज पुन्हा. दिवेलागणीला. ए ए ए. पुन्हा पहिलाच टप्पा.

तिला मी शिकवलं, कोपऱ्यात अडकायचं नाही, मधे राहायचं, गोळीकडे बघायचं नाही, मोकळ्या जागेकडे बघायचं. आता ती ते त्याला सांगत असेल. त्याच शब्दांत!

जेवलो नाही.

१४ फेब्रुवारी

हाकललं!

तिकडे गेम सुरू झाला की अकाउंटवर हिरवा ठिपका येतो. तो दिसला, मी इकडे बागेचा गेम सुरू केला. खेळायचा नव्हताच. नुसता सुरू केला. तिकडे ठप्प! इंग्रजीत एक ओळ येते दोन क्षण, की दुसरीकडे खेळ सुरू झालाय, मग सगळं काळं. त्याचं तोंड बघायला मिळालं असतं तर! बेडूक म्हणाला, "काही घाई नाही." पहिल्यांदा हसू आलं मला त्या बेडकाचं.

१८ फेब्रुवारी

रोजचं झालंय. आता लगेच नाही हाकलत. पाव तास देतो. रंगात येऊ दे, पहिल्या मोठ्या विमानापर्यंत पोहोचू दे. मग!

गडी चिवट आहे. मी हाकललं की पुन्हा येतो. पुन्हा हाकलतो. पुन्हा येतो. आज चार वेळा. एवढं काय आहे रे तुला? एवढी आवडते का ती?

मामा म्हणाला, "आज खुशीत दिसतोस." खुशीत नाही मामा. पेटलोय.

२१ फेब्रुवारी

वीटफोडीचा गेम खेळलो दुपारी. चेंडू, फळी, विटा. मधेमधे एक आवाज आपली थट्टा करतो. पहिल्या दहा मिनिटांत गंमत वाटते, मग वाटतं कानफटात द्यावी. अतिशहाणे लोक गेम बनवायला लागले की असं होतं. साधं खेळू द्या ना माणसाला!

संध्याकाळी हाकललं. आज एकदाच आला. परत नाही आला.

२२ फेब्रुवारी

आला नाही.

२५ फेब्रुवारी

नाही. पळाला! जिंकलो मी!

१ मार्च

तक्त्यात नवीन काही नाही. रोज बघतो.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. तो खेळत होता तेव्हा तिच्या घरात काहीतरी चालू आहे एवढं तरी कळायचं. टीव्ही लागलाय, दिवा लागलाय, कोणीतरी सोफ्यावर बसलंय. आता तेही नाही. विमानाचा गेम एकट्याने सुरू केला. दुसरं विमान पडद्यावर येतच नाही, तरी मी डावीकडेच राहिलो. उजवीकडे तिची जागा म्हणून. तिकडून येणाऱ्या गोळ्यांनी मेलो.

९ मार्च

बोका आला.

आल्या आल्या मिठी, शिव्या, "वाळलास की रे!" मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुमच्या इमारतीत काय नवीन? तिच्याकडे कोण येतं-जातं?

तो थांबला. "तुला माहीत नाही?"

"काय?"

"अरे, काकांना अर्धांगाचा झटका आला. जानेवारीतच. उजवी बाजू गेली. बोलणंही अडखळतं. मला आईने फोनवर सांगितलं, मी समजलो तू तिथेच असशील!"

तारीख सांगितली त्याने. आमचं भांडण झालं तोच आठवडा. आणि मग — हे लिहायची लाज वाटते — मी विचारलं, "मग विमानाचा गेम कोण खेळतं?"

"काकाच! व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं, बोटं हलवत राहा, बटणं दाबा, काहीही दाबा. तर हिने गेम लावून दिला. आई सांगत होती, रोज संध्याकाळी बसायचे. जीभ बाहेर काढून, लहान पोरासारखे! मशीनवर बसल्यासारखी मान वाकडी. पण सोडलं आता."

"का?"

"जमेना म्हणे. मधेच सगळं काळं व्हायचं. पडद्यावर काहीतरी ओळ येते, ती वाचता येत नाही ना त्यांना आता, अक्षरं पळतात. म्हणायचे, माझा हातच चुकीचं काहीतरी दाबतोय. हा हात आता कामाचा नाही. सोडलं मग. बटणंही, व्यायामही. हात मांडीवर ठेवून बसतात नुसते. बाई म्हणाल्या, आत्ताच हलवला नाही तर मग राहील तसाच."

बोका आणखी काही बोलत होता.

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. बरं वाटलं. दुसरा कोणी नव्हता म्हणून! एक क्षण.

पाव तास द्यायचो मी त्यांना. रंगात येऊ दे म्हणून.

१० मार्च

दुकानात गेलो नाही. मान वाकडी करून बसलेले काका डोळ्यासमोरून जात नाहीत. परत परत सुरू करणारे. चार वेळा. मी म्हटलं होतं, गडी चिवट आहे.

११ मार्च

तिच्या कुरिअरच्या ऑफिसात गेलो. रांगेत उभा राहिलो. हातात पाठवायला काही नाही. माझा नंबर आला. तिने वर न बघता म्हटलं, "काय पाठवायचंय?"

"काही नाही."

तिने वर बघितलं. किती बारीक झालीय. "मग बाजूला हो. मागे लोक आहेत."

मागचे आजोबा म्हणाले, "हो रे बाळा, सरक. माझं औषधाचं आहे." सरकलो. वजनकाट्याशेजारी उभा राहिलो गाढवासारखा. चहाच्या सुट्टीत ती मागच्या पायऱ्यांवर आली. कपाशिवाय.

पाठ करून गेलो होतो सगळं. एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "मला माहीत नव्हतं गं काका आहेत ते. आईशप्पथ. मला वाटलं दुसरा कोणीतरी…"

"दुसरा कोणी असता तर चाललं असतं?"

मग ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तू आहेस ते. दुसरं कोण असणार? वाटलं, आज राग आहे, उद्या जाईल. उद्या विचारशील, कोण खेळतंय. रोज वाटायचं, आज विचारशील."

"फोन तर ब्लॉक…"

"बोलायची इच्छा असणारा माणूस दारावर येतो. घर माहीत नव्हतं तुला?"

मग मी ते विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. "पण मग काकांना का नाही सांगितलंस? की त्यांचा हात नाही, मी आहे म्हणून?"

ती पायरीवर बसली. "ते रोज विचारतात तुझ्याबद्दल. धड बोलता येत नाही तरी. 'तो… येत… नाही?' मी सांगते, कामात आहे. तू त्यांच्याबद्दल काय बोललास तेही नाही सांगितलं. हे सांगितलं असतं तर तू कसा आहेस तेच सांगावं लागलं असतं." नाक पुसलं तिने, ओढणीने. "तुझं चांगलं राहावं म्हणून मी माझ्या बापाला त्याचा हात निकामी आहे असं वाटू दिलं. कळतंय का तुला? मी! तुझा राग येतो त्याच्या दुप्पट माझाच येतो मला."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. उठली. मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना."

"सांग," म्हणाली. "तुझं वाईट झालं तर होऊ दे आता."

१२ मार्च

गेलो. सांगितलं. काकांच्या पुढ्यात जमिनीवर बसून, सगळं, पाव तासाचंसुद्धा. थोबाडीत खायची तयारी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. हाताकडे बघत राहिले, उलटा केला, सुलटा केला. मग तिला म्हणाले, "म्हणजे… हात… नव्हता… चुकत?" ती म्हणाली, "नाही हो बाबा." तर हसायलाच लागले! अर्ध्या तोंडाने. तिला म्हणाले, "लाव. लाव." तिने लावलं, शेजारी बसली, त्यांचं बोट बटणावर नेऊन ठेवलं. दोघांचीही पाठ माझ्याकडे. अकाउंट सकाळीच तिच्या एकटीच्या नावावर करून टाकलंय, ते सांगायचं होतं. राहिलं. कळेल तिला. विमान उडालं. मी उठलो, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.