रक्तात सापडेल म्हणून

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग उतरलेला नाही. मी सभांमधून ठणकावून सांगते की मन म्हणजे मेंदूचं काम, त्याच्या वर वेगळा कुणी आत्मा बसलेला नाही, आणि मेंदू आजारी पडतो तसा बराही होतो. लोक टाळ्या वाजवतात. मला मात्र समोर तुम्ही दिसता, इथल्या आखातातल्या मुसफ्फाच्या वेल्डिंग वर्कशॉपमधून आलेले, बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून बसलेले. आई पोळ्या करते आहे. तुम्ही ताटाकडे बघतही नाही. कित्येक महिने हेच चाललंय, झोप नाही, बोलणं नाही.

शेवटी आईनं तुम्हाला दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. मल्याळी डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, गोळ्यांनी उतरेल. "भाईसाब, शुगर की गोली लेते हो ना? दिमाग भी शरीर ही है." तुम्ही किती दिवसांनी हसलात. "मन क्या वेल्डिंग का जॉइंट है, डॉक्टरसाब?" बाहेर आल्यावर आम्हाला ऐकवलंत की औषध शरीराला असतं, मन ज्याचं त्यानं घट्ट करायचं. तरी आईनं गोळ्या आणल्याच, तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. व्हिसा रिन्यू व्हायचा होता.

"व्हिसाच्या मेडिकलला रक्त घेतात. वेड्याची गोळी त्यात सापडली की खलास, घरी पाठवतील."

त्या तपासणीत असलं काही बघत नाहीत, हे आई विचारून आली, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. मन शरीरात नसतं म्हणणारा माणूस मनाचा आजार रक्तात सापडेल म्हणून घाबरला होता! तुमच्या वर्कशॉपमध्ये सगळेच असं मानत असतील, पण ते माझे वडील नव्हते. व्हिसा मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. कागदावर हृदय बंद पडल्याचं आलं. जेवण त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं.

परवा इथल्याच अल बर्शा भागात एका घरी बोलायला गेले होते. नवरा औषध घेत नाही म्हणून एक बाई संतापल्या होत्या. मी त्यांना समजावलं की नकार देतो तोही आजारी मेंदूच, मग राग कुणावर धरायचा? सगळ्यांना पटलं. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते, मला पटलेलं नाही. त्या मेंदूच्या आत आणखी कुणीतरी होतं, आणि त्यानं गोळी घ्यायला हवी होती, असंच मला अजून वाटतं.